श्रावणात उपटलेलं वेखंड

भर श्रावणात मी आमच्या घरामागचा वेखंडाचा अख्खा वाफा मुळासकट उपटला. असा पराक्रम लोणावळ्यात माझ्याआधी कुणी केला नसावा, आणि माझ्यानंतर कुणी केल्याचंही कानावर नाही. वेखंड काढायचं ते दिवाळीनंतर. तेव्हा पानं पिवळी पडून माना टाकतात, ऊन खणखणीत असतं, मुळं कौलांवर पसरून दिली की आपोआप वाळून खडखडीत होतात. श्रावणात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, काडी ओढली तर पेटण्याऐवजी तिचा गुलच गळून पडतो, भिंतीला हिरवी लव फुटते. त्या दिवसांत पाण्यानं टम्म फुगलेलं मूळ वाळवायचं कुठे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी शेंबडं पोर नव्हते, एका पोरीची आई होते. म्हणून कळलं नाही.

हसा. मीही आता हसते. तेव्हा मात्र हसायला लागते तेवढी ताकदही अंगात उरली नव्हती.

माझं माहेर वडगाव मावळ, म्हणजे मामलेदार कचेरीचं आणि कोर्टाचं गाव. वडील शेतकरीच, पण घर कचेरीच्या रस्त्याला. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून निकाल ऐकत मोठी झाले, आणि त्यात चौथीपर्यंत शिकलेली. त्यामुळे कशावरही निकाल देण्याचा हक्क आपल्याला माहेराहून आंदण मिळालाय अशी माझी समजूत होती. भांडी थोडकी मिळाली होती, हा हक्क मात्र भरपूर.

सासर कुरवंड्याचं. डोंगरावर भाताची खाचरं, खाली लोणावळ्यात मालकांची रेल्वेतली नोकरी. इंजिनाच्या शेडमध्ये ते फिटर होते. घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती, आणि शेडमधली जुनी माणसं अजून त्यांना इंजिन म्हणायला तयार नव्हती. ज्याला धूर नाही ते कसलं इंजिन, म्हणायची. ओढ्याच्या कडेला आमचं कौलारू घर होतं. मागच्या दारातून उतरलं की ओढ्याचं पाणी जिथं रेंगाळतं, पाय घोट्यापर्यंत रुततो, अशा चिखलात तो वाफा.

आता माझ्या नाती वेखंडाची पूड डबीतून आणतात. झाड कसलं असतं हे त्यांना ठाऊक नाही. मलाही नव्हतं. मी वेखंड पाहिलं होतं ते वाण्याच्या पुडीत, वाळलेल्या गाठाळ बोटांसारखं, आणि ते वाण्याच्या बरणीतच तयार होत असावं असं लग्नापर्यंत वाटत होतं. बाळाला न्हाऊ घातलं की त्याची चिमूटभर पूड टाळूवर दाबायची, त्याचाच एक मणी काळ्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधायचा, आणि पोट दुखून बाळ पाय आखडायला लागलं की सहाणेवर आईच्या दुधात एक-दोन वळसे उगाळून चाटवायचं, हे मात्र बघत आले होते.

ते झाड मुळात आमच्याकडचं नव्हेच. उत्तरेत, थंड मुलखातल्या दलदलीत ते म्हणे कुणी न लावता माजतं. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, आईला एका गोसाव्यानं त्याचा गड्डा दिला. तिनं तो इंदुरीला इंद्रायणीकाठच्या ओलीत लावला. आत्याबाई लग्न होऊन कुरवंड्याला आल्या तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या, आणि मुलगा लोणावळ्याला राहायला आला तेव्हा त्याच्या ट्रंकेआधी त्यांनी वेखंड खाली आणलं. आमचं धुकं आणि आमचा चिखल बघून त्या झाडाला आपण गावीच आहोत असं वाटलं असेल. तलवारीसारखी उभी पानं, मधे शीर, आणि पान चुरगाळलं की एकदम नाकात शिरणारा गोडसर, कडक वास. मोगऱ्यासारखा लाडिक नाही. औषध द्यायला आलेल्या माणसासारखा.

माझी थोरली मुलगी ज्येष्ठात झाली. आत्याबाई तेव्हापासून आमच्याकडे होत्या. त्या होत्या तोवर पोरगी रडली तरी ती त्यांच्या मांडीवर रडायची, मी पलीकडे पडलेली असायची. मग श्रावण लागला, वर भातातलं तण काढायची बेणणी निघाली, आणि त्यांना जाणं भाग होतं. निघताना इरलं डोक्यावर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

"तुकडा हाय तवर उगाळ," त्या म्हणाल्या. "सपला तर शेजारनीकडनं मागून आन. वाफ्याला हात लावू नगंस."

"नाही लावत."

"हितं उगं शानपना करशील."

"मी कशाला करू?"

"तू न्हाई करनार, तुजं वडगाव करतंय," असं म्हणून त्या चिखलातून चालत गेल्या. कुरवंडं काही काशी नव्हे, पण त्या दिवसांत मधले ओहोळ असे फुगलेले असायचे की एकदा वर गेलेलं माणूस पाऊस ओसरेपर्यंत खाली येत नसे.

त्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी पोरीनं सूर धरला.

दिवेलागण झाली की तिचं सुरू व्हायचं. पाय पोटाशी, मुठी वळलेल्या, चेहरा वांग्यासारखा. उचललं तरी रडे, ठेवलं तरी रडे, पाजायला घेतलं तर तोंड फिरवे. बाहेर पाऊस, आत ती. मी एकदा तिला खांद्यावर टाकून चालायला लागले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत, पुन्हा. पाय आपोआप चालायचे. मी त्यांच्यावर नुसती ठेवलेली असायची. दिवसा तिला डोळा लागला की लंगोट धुवायचे, शेगडीत कोळसा घालायचा, त्यावर वेताचं टोपलं उपडं घालून लंगोट पसरायचे. एक वाळेपर्यंत चार ओले. भाकरी थापताना मी उभ्या उभ्या झोपायची. एकदा तव्यावर हात ठेवून जागी झाले.

मालक शेडमधून आले की पोरीला घ्यायचे. त्यांना एकच युक्ती ठाऊक होती: तिला छातीशी धरून इंजिनासारखं भक् भक् करायचं. ती क्षणभर चकित होऊन गप्प व्हायची, मग तिला कळायचं की हे इंजिन खोटं आहे.

"शेडात न्हेऊ का हिला?" ते म्हणाले. "तितं समदीच वरडत्यात. हिचं कुणाला कळायचं न्हाई."

"मला न्या," मी म्हटलं. "मी कोळशाच्या ढिगावर झोपते."

यातलं काहीच नवं नव्हतं. घरोघरी पोरं रडतात. पण शेजारच्या मास्तरीणबाईंनी मला बाळंतपणात एक गोष्ट सांगून ठेवली होती. आत्याबाईंची पहिली दोन मुलं अंगावर पीत होती तेव्हाच गेली. दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही अशीच रडून रडून. "मग वेखंड लावलं असेल त्यांनी, म्हणून पुढची जगली," असं बाईंनीच आपलं पुढे जोडलं. मी ते वेदवाक्य धरून बसले. आत्याबाईंना विचारण्याची माझी छाती नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच पक्कं झालं, की वेखंड आहे तोवर पोरगी आहे.

आणि वेखंड संपत आलं होतं.

तुकडा तरी किती पुरणार? सांगितलं होतं एक-दोन वळसे. मी पोरगी रडली की उगाळायची, गप्प झाली की पुन्हा रडू नये म्हणून उगाळायची. चाटवायची बोटभर, बाकीचं सहाणेवरच वाळून जायचं. शेवटी चिमटीत धरवेना एवढी चकती उरली. ती उगाळताना माझ्याच बोटाचं सालटं निघालं तरी मी उगाळत होते. पोरीनं तेव्हा वेखंड चाटलं की आई, देव जाणे.

मास्तरीणबाईंकडे गेले. तोंड उघडून मागणं जिवावर आलं होतं, पण गेले.

"अगं बाई!" त्या दारातच हसल्या. "अख्ख्या आळीला तुमच्या वाफ्यातलं वेखंड जातं, आणि तुम्ही माझ्याकडे मागता? माझ्याकडचा शेवटचा तुकडासुद्धा तुमच्या सासूबाईंनीच दिलेला, तो गेल्या थंडीतच संपला. जा, मागच्या दारी उतरा आणि हवं तेवढं घ्या!"

त्यांचं काय चुकलं? त्या पुण्याच्या. त्यांना वाटलं, वाफ्यातून काढायचं आणि उगाळायचं, मेथीच्या जुडीसारखं. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. मी घरी आले, पोरीला झोळीत टाकलं, इरलं घेतलं आणि ओढ्यावर उतरले. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत.

आणि तिथं मी ते पाहिलं. एका पानाच्या कुशीतून, तिरकं, बोट बाहेर यावं तसं काहीतरी निघालं होतं. हिरवट पिवळं, अंगभर बारीक दाणे, बाजरीचं कोवळं कणीस असतं तसं. पण कणीस शेंड्याला येतं, आणि हे आलं होतं पानाच्या बरगडीतून. पलीकडच्या पानाला आणखी एक. त्याच्या मागे आणखी. मी झाड न्याहाळून बघणारी बाईच नव्हे. पण त्या दिवशी पाऊस अंगावर घेत मी ती बोटं बघत राहिले, आणि माझ्या डोक्यातल्या कचेरीचं काम सुरू झालं. पानाच्या पोटातून असलं फुटतं म्हणजे कीड. कीड म्हणजे मूळ सडणार. मूळ सडलं म्हणजे पुढे वेखंड नाही. वेखंड नाही म्हणजे... वरून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. निकाल झाला.

विळा आणायला गेले तेव्हा तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिखलात गुडघे टेकून मी एकेक झुडूप ओढायला लागले. वेखंडाचं मूळ खाली जात नाही, चिखलात आडवं पसरतं, एकमेकांत बोटं गुंतवून बसल्यासारखं. एक ओढलं की चार हलतात. एका खेकड्यानं माझं बोट धरलं, त्याला मी झटकलं आणि शिवी दिली, वडगावची नव्हे, अस्सल कुरवंड्याची. पानं मुळाच्या शेंड्यासकट छाटून ओढ्यात फेकली. मुळं पाटीत. कडेचं एखादं ठेवावं असंही मनात आलं नाही. मी घर वाचवत होते ना!

पाटीभर वेखंड घेऊन वर आले तेव्हा मला वाटलं, आत्याबाईसुद्धा म्हणतील, शहाणी गं बाई माझी.

आता ते वाळवायचं होतं. कौलांवर पाऊस, अंगणात पाऊस, पडवीत धुकं. उरली शेगडी. लंगोट सरकवून मी टोपल्यावर मुळं पसरली. तासाभरात असा वास सुटला की डोळ्यांना पाणी. लंगोटांना तो लागला, माझ्या लुगड्याला लागला, उतरंडीतल्या पिठाला लागला. मालकांचा डगला खुंटीवर होता, तो घालून ते कामावर गेले आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आले.

"काय झालं?"

"समदे इचारत्यात, घरात बाळंतीण कोन हाय, तुजी बायकू का तू?"

मुळं वरून करपली, आतून ओलीच राहिली. मग दुसऱ्या दिवशी निखारे कमी केले, तर ती नुसतीच शिजल्यासारखी मऊ झाली. मग पांढरी बुरशी आली, उंदराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी लव. मी ती पुसली, पुन्हा आली. एक त्यातल्या त्यात बरं मूळ घेऊन सहाणेवर उगाळलं. काळा लगदा झाला. चाटवलं तर पोरीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला मी आता कळले. मग सगळं ओकून टाकलं, आणि मागच्या सगळ्या रडण्याचं व्याज वसूल केलं.

ती सगळी मुळं मी उकिरड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी उकरून काढली, आणि टाकून दिली. कोंबडीसुद्धा नको म्हणते म्हणजे माल कसा झाला असेल, विचार करा.

त्यानंतरचे दिवस मला एकेक करून आठवत नाहीत. एकच लांबलचक ओला दिवस होता असं वाटतं. दिवेलागणीला मी सवयीनं सहाण पुढे ओढायची. उगाळायला काही नाही. मग रिकाम्या दगडावर पाण्याचं बोट फिरवत बसायची, गोल गोल, पोरगी मांडीवर तडफडते आहे आणि मी दगड पुसते आहे. मालक एकदा दारात उभं राहून बघत होते. मग जेवणाचं ताट स्वतः वाढून घेतलं. त्या काळात पुरुषानं एवढं केलं म्हणजे तो घाबरला होता असं समजावं.

मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, आणि भीतीही तिचीच होती: आत्याबाई येतील. पोरगी वाचवतील. आणि मला विचारतील.

एका दुपारी पावसानं उघडीप दिली आणि त्या आल्या. इरलं भिंतीला टेकवलं, पाय धुतले, आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबून हवा हुंगली.

"काय जाळलंस गं?"

त्या सरळ मागच्या दारातून ओढ्यावर उतरल्या. मी पोरीला काखेत घेऊन मागोमाग. ती रडत होती, आता दुपारीही रडायची. वाफ्याच्या जागी चिखलाचं डबकं होतं, त्यात ढग दिसत होते. आत्याबाई कमरेवर हात ठेवून त्या डबक्याकडे बघत राहिल्या.

"समदं?"

"कीड लागली होती," मी म्हटलं. "पानांच्या पोटातून बोटं फुटली होती. दाण्यादाण्यांची. हिरवी. मला वाटलं, सगळंच सडेल. म्हणून..."

"बोटं?"

"हो. अशी, तिरकी." मी माझं बोट दाखवलं, खेकड्यानं धरलेलं, सालटं गेलेलं.

आत्याबाईंनी त्या बोटाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग त्या हसायला लागल्या. खाली बसून, पदर तोंडात कोंबून. मला वाटलं, बाई शोकानं खुळी झाली.

"फूल व्हतं ते, बया!" त्या म्हणाल्या. "येखंडाचं फूल! माज्या आयच्या वाफ्याला एकदाच आलतं, म्या एवढीशी व्हते. आयनं समद्या इंदुरीला बलवून दावलं व्हतं. हितं एवढ्या सालांत मला एक न्हाई दिसलं, आन् तुला दिसलं तर तू इळा लावलास व्हय?"

मी रडायला लागले. फुलासाठी नाही. फूल गेलं खड्ड्यात. पोरगी माझ्या काखेत आक्रसत होती आणि ही बाई हसत होती.

"शेंडं कुटं टाकलंस?"

मी ओढ्याच्या खालच्या अंगाला हात केला. त्या वाकून बघायला गेल्या. ओढ्याकाठच्या झुडपांच्या मुळांना अडून माझी छाटलेली पानं तिथं गाळात पडली होती, आणि त्यातली काही, कुणी सांगितलं नसताना, उभी राहिली होती. आत्याबाईंनी एक हलवून पाहिलं. हललं नाही. त्यांनी त्याला हात लावून ते आहे तसंच सोडलं.

"मूळ घ्यायचं आन् शेंडा परत लावायचा, असंच आसतं. तू फेकलंस, त्यानं आपलं आपून लावून घेतलं." त्या चिखलाचे हात लुगड्याला पुसत वर आल्या. "आन हिकडं तिला."

पोरीला त्यांनी पालथं करून हातावर आडवं घेतलं, पोट तळव्यावर, डोकं कोपराशी, आणि पाठीवर थापटत पडवीत बसल्या. ती रडतच होती. मी समोर उभी. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. इतके दिवस गिळलेलं.

"आत्याबाई, ही पण जाईल का? तुमची पहिली दोघं गेली तशी? त्यांच्या वेळी वेखंड नव्हतं ना तुमच्याकडे? आणि आता मी हिचंही..."

थापटणारा हात थांबला नाही. पोरीचा आवाज हळूहळू घोगरा झाला, मग हुंदके, मग मधे मोठ्या फटी. मी तिथंच, पडवीच्या ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून बसले. तेव्हा त्या बोलल्या. जे बोलल्या ते मी आजवर शब्दन् शब्द जपून ठेवलंय. माझ्या सुनांना सांगितलं, आता नातींना सांगते:

"त्या दोघास्नी बी येखंडच घातलं व्हतं गं, ह्याच मुळाचं. येखंडानं पोर कुटं जगतंय, आन् कुटं गप व्हतंय? उगाळाय बसलं की आयचं हात गुततात, तेवढा येळ आय रडत न्हाई, म्हनून ठिवायचं घरात. आता नीज तू, म्या हाय हितं. आन् उठलीस की पयलं न्हाऊन घे बया, तुज्यापरीस आमची म्हस बरी."